नानांचा आठवा दिवस

माझी बायको फुकटात चुका काढते. नवऱ्याच्या चुका सगळ्याच बायका फुकटात काढतात, ते सोडा. माझी बायको जगभरातल्या अनोळखी माणसांच्या काढते, आणि ती माणसं वर तिचे आभार मानतात. आमच्या संसाराला तेवीस वर्षं झाली, तू मात्र एकदाही आभार मानले नाहीस, असा टोमणा मला महिन्यातून एकदा ठरलेला असतो.

तिचं नाव दुफिये. कुमासी शहरात बांतामाच्या चौकाजवळ माझं शिंप्याचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून तिचं टेबल. पुढे माझं मशीन खडखडतं, मागे तिचं मशीन गप्प बसून असतं. पूर्वी ती मलेरियाच्या पाहणीच्या कचेरीत आकडे भरायला होती. तिथेच ती आकडेमोडीसाठी बनवलेली एक कॉम्प्युटरची भाषा शिकली. ही भाषा कुणाच्या मालकीची नाही. कुणीही घ्यावी, कुणीही वापरावी. कुठल्या तरी देशातला कुणी तरी तिच्यात एखादं उपयोगी अवजार बनवतो, त्याला पॅकेज म्हणतात, आणि घ्या म्हणून सगळ्यांपुढे ठेवतो. आता ठेवलं, पण ते बरोबर आहे याची हमी कोण देणार? म्हणून या मंडळींनी ठरवलंय, की पॅकेज आपल्या पंगतीत घेण्याआधी दोन जाणत्या माणसांनी ते तपासायचं. आणि तपासायचं ते सगळ्यांसमोर. तपासणारा काय म्हणाला, करणाऱ्याने काय उत्तर दिलं, सगळं उघड्यावर, कुणीही वाचावं, आणि ते पुसलं जात नाही. दुफिये त्या तपासणाऱ्यांपैकी एक. अकरा वर्षं झाली.

मला हे काम कळायला फार दिवस लागले. एकदा माझ्याकडे दुसऱ्या शिंप्याने शिवलेला कोट दुरुस्तीला आला होता. मी तो उलटा केला, अस्तर चाचपलं, शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. दुफिये मागून म्हणाली, मी पण दिवसभर हेच करते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती आधी पॅकेजबरोबरची माहिती वाचते, अगदी काहीच येत नसल्यासारखी. कुठे अडली की लिहून ठेवते. मग दिलेली उदाहरणं एकेक करून चालवते. आणि मग तिच्या अंगात येतं. फेब्रुवारीची तीस तारीख घालेल, माणसाचं वय उणे चार घालेल, तारखेच्या जागी माशाचं नाव लिहील. पॅकेज अडून बसलं आणि 'मला हे कळत नाही' म्हणालं की बाई खूश. पण त्याने ठोकून खोटं उत्तर दिलं की तिचा पारा चढलाच समजा.

तपासायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट लिहायला लागतो. आधी जे खरंच चांगलं आहे ते. मग एकेक चूक, ती का चूक, आणि काय करता येईल. 'हे तर उघडच आहे' असलं वाक्य हातून गेलं की खोडते. उघड असतं तर त्या बिचाऱ्याने केलं असतं का, म्हणते. आणि सगळ्यात शेवटी एक चौकोन असतो. त्यात खूण केली, की माझी हरकत नाही, हे पॅकेज घ्या. मग तपासणाऱ्याचं नाव पॅकेजमध्ये कायमचं लागतं. दुफियेने एकेचाळीस पॅकेजं तपासली आणि एकदाही खोटी खूण केली नाही. ब्राझीलच्या एका प्रोफेसरांना तिने सात महिने फिरवलं. मी एकदा म्हणालो होतो, कर की बाई खूण आणि ये जेवायला. आमच्या जेवणातलं फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदाचा गोळा, एकाने उखळात फिरवायचा नि दुसऱ्याने कुटायचा; त्या दिवशी ते मी एकट्याने कुटलं.

तर गेल्या वर्षी तिच्याकडे नानांचं पॅकेज आलं, आणि आमच्या घरातली शांतता गेली.

नाना म्हणजे अबेत्रेम गावाचे प्रमुख. गादीवर बसल्यावर सगळे त्यांना नाना म्हणतात, पण त्याआधी ते आम्पोन्सेम सर होते आणि दुफियेला शाळेत गणित शिकवायचे. वय अठ्ठ्याहत्तर. या वयात माणसं पाठ धरून बसतात, हे गृहस्थ नातवाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती आकड्यांची भाषा शिकले आणि आमच्या दिनगणनेचं पॅकेज करून मोकळे झाले. पुढचा अदाए सण कधी, कुठल्या तारखेला जन्मलेल्या पोराचं जन्मवारावरून पडणारं नाव काय, माणूस गेला तर त्याचे आठ दिवस, म्हणजे आठव्या दिवसाचा विधी, कधी, सगळं त्यात. हॅम्बुर्गला नि टोरांटोला राहणाऱ्या आपल्या पोरांना हे सांगायला घरात कुणी म्हातारं उरलं नाही, म्हणून केलं, असं त्यांनी वर लिहिलं होतं.

तपासण्याआधी एक कागद भरावा लागतो, की करणारा तुमच्या नात्याचा, ओळखीचा आहे का. दुफियेने खरं ते लिहिलं: तीन वर्षं गणित शिकवलं, दोनदा छडी मारली. तपासणी नेमून देणाऱ्या वरच्या माणसाने हसणारं चित्र पाठवलं आणि चालू द्या म्हणाला.

दुसरी तपासणारी नॉर्वेची इंग्रिड नावाची बाई होती. तिने पहिल्याच दिवशी बोट ठेवलं: पॅकेजचं नाव अदादुआनान, म्हणजे चाळीस दिवस, आणि आत मोजलेत बेचाळीस, तेव्हा ही चूक. दुफिये पोट धरून हसली. आमच्या सणांच्या फेऱ्याला आम्ही चाळीस म्हणतो आणि बेचाळीसच मोजतो, आजोबा-पणजोबांपासून. तिने इंग्रिडला सगळं समजावून लिहिलं, तिलाही पटलं, तिने वर माफी मागितली. जिथे काहीच चुकलं नव्हतं तिथे एवढी चर्चा झाली.

खरी चूक दुसरीकडेच होती. एका दुपारी दुफियेने मागून विचारलं, "मास्टर, मंगळवारी माणूस गेला तर त्याचे आठ दिवस कधी?"

मी लाल-काळं कापड बेतत होतो, तेही कुणाच्या तरी आठ दिवसांचंच. म्हटलं, "मंगळवारी. यात विचारायचं काय? आयुष्य गेलं माझं ते कपडे वेळेत द्यायच्या घाईत."

तिने मशीन माझ्याकडे वळवलं. नानांचं पॅकेज जी तारीख सांगत होतं ती बुधवारची होती.

मला वाटलं, मशीनला काय कळतंय. तिने शांतपणे समजावलं. आम्ही माणूस गेल्याचा दिवस पहिला धरतो, म्हणून पुढचा मंगळवार आठवा. तारखेत मिळवायचे सात. नानांनी तोंडात बसलेला 'आठ' उचलला आणि तारखेत आठ मिळवले. पडताळा घ्यायला त्यांनी जी उदाहरणं दिली होती, त्यातही स्वतःच आठ मिळवून उत्तरं लिहिली होती, त्यामुळे सगळं कसं छान जुळत होतं. उत्तरात नुसती तारीख यायची, वार यायचा नाही, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. इंग्रिडच्या तर नाहीच नाही, आठ दिवस म्हटले आणि आठ मिळवले, तिला काय खटकणार! ही चूक आमच्यातलाच माणूस पकडू जाणे.

झालं. दुफियेचं लिहिणं तिथे थांबलं. तिच्यापुढे पेच काय होता तो नीट सांगतो. गादीवरच्या माणसाला आमच्याकडे कुणी 'तुम्ही चुकलात' म्हणत नाही. समोर म्हणत नाही, मागे म्हणत नाही, सभेत तर विचारच नको. आणि हिने ते लिहायचं होतं साऱ्या जगासमोर, कधीही न पुसणाऱ्या जागी, आपल्या गुरूबद्दल, स्वतःच्या नावाने. बरं, नाही लिहावं तर टोरांटोतल्या कुठल्या तरी पोराने बापाच्या आठ दिवसांची पत्रिका बुधवारची छापायची, आणि सगळं गोत मंगळवारी येऊन दारात उभं राहायचं. त्या पॅकेजवर हिचं नाव.

तीन दिवस ती टेबलाशी बसायची आणि काही लिहायची नाही. कच्ची केळी सोलायला घ्यायची आणि सालीसकट चिरायची. मला बघवेना. मी म्हटलं, खाजगीत पत्र टाक, म्हाताऱ्याला गुपचूप दुरुस्त करू दे. ती म्हणाली, मग इंग्रिडच्या चुकीवर मी चारचौघांत लिहिलं ते कसं चालतं? नॉर्वेच्या बाईला एक न्याय आणि नानांना दुसरा? शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, लिहायचं ते लिही, पण आधी जाऊन तोंडाने सांगून ये. निदान त्यांना ते जगाबरोबर कळायला नको. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, अधूनमधून तुझं डोकं चालतं की रे. याला आमच्या घरात कौतुक म्हणतात.

गुरुवारी आम्ही ट्रोट्रो, म्हणजे माणसं भरून धावणारी छोटी गाडी, पकडून अबेत्रेमला गेलो. बरोबर नानांपुढे ठेवायला स्नॅप्स दारूची बाटली. मान म्हणून मी खांद्यावरचं कापड खाली घेतलं, वहाणा काढल्या, दुफियेने नवं कापड नेसलं होतं. नाना मोठ्या छत्रीखाली खुर्चीवर बसलेले, दोन्ही बाजूंना गावचे जुने लोक. आणि शेजारी सोन्याच्या मुठीची काठी घेऊन ओक्येआमे.

ओक्येआमे म्हणजे नानांची जीभ. नानांशी सरळ बोलायचं नसतं. त्याला सांगायचं, तो नानांना सांगणार, कानाला गोड लागेल असं करून. नानांना सगळं ऐकू येत असतं, पण ओक्येआमे बोलेपर्यंत त्यांनी ऐकलेलंच नसतं. हा ओक्येआमे कोकोचा बागाईतदार, सडपातळ, आणि गोड बोलण्यात अख्ख्या मुलुखात नावाजलेला.

दुफियेने रीतसर सुरुवात केली. सांगितलं, की नानांचं पॅकेज उत्तम आहे, फक्त एका ठिकाणी एक दिवस जास्त झालाय.

ओक्येआमेने काठी टेकली. "नाना, आपली लेक म्हणते, आपल्या घरी दिवसांची इतकी सुबत्ता आहे की एक दिवस भांड्यातून उतू चाललाय."

जुने लोक माना डोलावू लागले. नानांनी आभार सांगितले. दुफियेने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे बघितलं. तिने पुन्हा सुरुवात केली, जरा जोर देऊन, की तो दिवस चुकलाय.

"नाना, एक दिवस वाट चुकला होता. तो आपल्या पायाशी आसऱ्याला आलाय."

"राहू द्या त्याला," नाना म्हणाले.

सगळे वा वा करू लागले. कुणीतरी बाटली फोडायची तयारी सुरू केली. मला वाटलं, सुटलो, आता दोन घोट घेऊ आणि संध्याकाळच्या आत घरी. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, सरळ, नानांच्या तोंडाकडे बघून.

"सर, सात. आठ नाही."

नाना नाही, सर. त्या अंगणात एकोणीस वर्षांत कुणी तो शब्द काढला नसेल. बाटली फोडणारा जागच्या जागी थांबला. ओक्येआमेने दोन्ही कानांवर हात ठेवले, त्यासाठी काठी काखेत धरली. दंड म्हणून एक मेंढी पडणार की दोन, एवढंच मी मनात ठरवत होतो.

नानांनी खुर्चीत पुढे वाकून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सिद्ध कर."

दुफियेने इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, मला आठ माणसं द्या. नानांनी हात हलवला. पाच जुने लोक, ढोलवाला, ओक्येआमे आणि मी. तिने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, प्रत्येकाला एक वार दिला. पहिला मंगळवार म्हणजे माणूस गेला तो दिवस, तो व्हायला कुणी तयार होईना. जुने लोक एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी बायकोने माझा दंड धरला आणि मला पहिल्या जागी उभं केलं. तेवीस वर्षांच्या संसाराचं हे फळ! माझ्यानंतर बुधवार, मग गुरुवार, असं करत शेवटी आठवा, ओक्येआमे, दुसरा मंगळवार.

ती म्हणाली, "आता या पहिल्या मंगळवारापासून चाला. दर पावलाला एक दिवस."

नाना उठले. छत्रीवाला धावला, कारण नाना उठले की छत्री उठते. त्यांच्या मोठ्या वहाणा फटक फटक वाजत होत्या. माझ्यापासून बुधवारापर्यंत एक. गुरुवार, दोन. ते मोठ्याने मोजत होते, अगदी वर्गात मोजावं तसे. ओक्येआमेपाशी पोचले तेव्हा तोंडातून सात निघाला. तिथे थांबले. परत माझ्यापाशी आले, पुन्हा चालले. पुन्हा सात. तिसऱ्यांदा मागून पुढे चालून बघितलं, की बाबा उलटं तरी आठ येतात का. नाही आले.

मग त्यांनी दुफियेशी वाद घातला. बापरे, काय वाद! पहिला दिवस धरायचा की नाही, धरला तर मिळवायचा कसा, शाळेत मी काय शिकवलं होतं, तू काय शिकलीस. ओक्येआमे मध्ये पडायला गेला तर दोघांनी एकदमच त्याला गप्प बसवलं. म्हातारा तावातावाने जमिनीवर एका काटकीने रेघा मारत होता, त्याचा उघडा खांदा घामाने चमकत होता, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्याला राग आलेला नाही. तो मजेत होता.

शेवटी त्यांनी काटकी टाकली. ओक्येआमेला म्हणाले, सांगा लोकांना, नाना चुकले.

ओक्येआमेची दातखीळ बसली. तोंड उघडायचा, मिटायचा. "नानांना..." म्हणाला. "नानांच्या..." म्हणाला. "आकड्यांनी नानांना..." आणि पुढे त्याच्याने होईना. जन्मभर सगळं गोड करून सांगितलेला माणूस, हे कशात घोळायचं ते त्याला कळेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच सांगतो.

"राहू द्या," नाना म्हणाले. मग स्वतः, मोठ्याने, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं: "मी चुकलो. सात आहेत."

नाना दुफियेजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली या खुर्चीवर. एकानेही मला चुकलात म्हटलं नाही. मी काय बोलतो ते मला स्वतःलाच तपासावं लागतं, आणि मी काही चांगला तपासणारा नाही. पोरी, ते पॅकेज मी तुमच्याकडे नुसतं कॅलेंडरसाठी पाठवलं नव्हतं." मग खुर्चीकडे वळता वळता म्हणाले, "तिकडे लिहिशील तेव्हा चूक हाच शब्द लिही. साखर घालू नकोस."

तिने तसंच लिहिलं. घरी आल्यावर, एका दमात, एकही ओळ न खोडता. नानांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर आलं: तपासणाऱ्या बाईंचं बरोबर आहे, मी चुकलो, सात केले, यापुढे तारखेबरोबर वारही दिसेल, आणि मंगळवार घातला की मंगळवारच यायला हवा, अशी नवी चाचणी जोडली आहे. इंग्रिडने अभिनंदन केलं. दुफियेने चौकोनात खूण केली. बेचाळिसावं पॅकेज. त्या दिवशी फुफू तिने कुटलं आणि मी नुसता गोळे फिरवत बसलो.

यानंतर दोन महिन्यांनी नानांचं दुसरं पॅकेज आलं. या वेळी गावोगावच्या बाजारदिवसांचं. दुफियेने उघडलं आणि खुर्चीत मागे रेलली. मला हाक मारली. मी सुई तोंडात धरूनच गेलो. अगदी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, सात दिवसांचे सहा आठवडे, म्हणजे एकूण दिवस एकेचाळीस.

मी म्हटलं, अगं, हे तर मलाही कळतं. सहा साते बेचाळीस. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस हे चुकतो?

ती आधी हसली. मग चष्मा काढून डोळे पुसू लागली, आणि मला काही सुचेना म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने चष्मा परत लावला आणि जगासमोरच्या त्या जागी लिहिलं: पहिल्याच ओळीत मोठी चूक आहे. सविस्तर सांगायला गुरुवारी येते.

नानांचं उत्तर यायला एक मिनिटही लागलं नाही.

"गुरुवार कशाला," त्यांनी लिहिलं होतं. "उद्याच ये."